लोखंडी टेकू

—अहो, तिथं नको! तिथं नको म्हणतो ना! या, इकडे या, चुन्याच्या रेघेच्या अलीकडे. ती रेघ पोरांच्या खेळासाठी नाही मारलेली. हां, असं — चिंचेच्या बुंध्याशी, माझ्या डाव्या अंगाला उभे राहा. उजवीकडे नको, दोर सुटला तर त्या बाजूनं फटकारा येतो. नाही हो, सुटत नाही, बोलायची एक रीत असते. तुम्हीच ना प्रासोंग? ओळखलं. गाडीला तिकडच्या रायोंग शहराची पाटी, पायात चकचकीत बूट, आणि उतरल्या उतरल्या पहिली नजर टेकूवर गेली, आईवर नंतर. राग नका मानू. हात जोडून नमस्कार केला असता, पण दोन्ही हात दोरात गुंतलेत. मी नान मून — फोनवर बोंबलत होतो तो मीच. तुम्ही गाव सोडल्यावर मी इथं घरजावई म्हणून आलो, त्यामुळे आपलं समोरासमोर बोलणं कधी झालं नाही, पण तुमचं नाव मला पाठ आहे, रोज वाचतो. ते काय, खांबावर, सोनेरी अक्षरांत. लांबून आलात, दमला असाल, पण बसा म्हणणार नाही. तुमच्या घराण्यात बसलेलं माणूस उठत नाही — बघताय ना तिकडे, आई कशी बसलीय?

सकाळपासून बसलीय. त्या लोखंडी खांबाला पाठ लावून, डोक्यावर ओला पंचा, मांडीवर भाताची टोपली. आता तिच्या डोक्यावर काय आहे तेही बघून घ्या. विहाराच्या पिंपळाची फांदी — फांदी कसली, दुसरं झाडच आहे ते, आडवं वाढलेलं. परवाच्या गारपिटीत चिरली. इथून चीर दिसत नाही, तुमच्या त्या बेचक्याच्या वर बरोब्बर झाकली गेलीय. पण शिडीवर चढून बघितलं तर माझा हात कोपरापर्यंत आत जातो. भरलेली बैलगाडी म्हाताऱ्या बाईच्या डोक्यावर टांगून ठेवलीय असं समजा, आणि टांगलीय कशावर — तर तुमच्या खांबावर आणि माझ्या ह्या दोरावर. वर ती निळी टोपी दिसतेय ना, ती माझी बायको, चांतिप. हसू नका. झाडाला माझं वजन पेलत नाही आणि तिला माझं बोलणं पेलत नाही, म्हणून ती वर आणि मी खाली, संसार बरा चाललाय. — काय गं? — हो, आलाय, हाच तो! — काय म्हणाली ते सोडा, तिची जीभ करवतीपेक्षा धारदार आहे.

जरा एक उपकार करा. ती पिशवी आहे ना पायाशी, त्यात केळीच्या पानात मियांग बांधलाय, त्याची एक गोळी माझ्या तोंडात घाला. मिठाचा खडा आत दाबून. हां... बास. काय आहे, चहाचा आंबट पाला दाढेखाली असला की हाताला कळ कमी लागते. आता तुम्ही विचारणार, दोर चिंचेला बांधून का नाही टाकत, हातात धरून कशाला उभा आहे हा येडा. सगळे तेच विचारतात, भन्तेंनीही विचारलं. बांधलेल्या दोरावर अचानक वजन आलं की झटका बसतो, आणि झटका दोराला तोडतो. बुंध्याला वेढे देऊन टोक हातात ठेवलं, की फांदी खाली येईल तसं सोडत सोडत घेता येतं. म्हणजे दोर पाहिजे, पण दोराच्या टोकाला जागा माणूस पाहिजे. तसा दोर उत्तम आहे हं. तीन रेडे टांगले तरी हूं की चूं करणार नाही.

तुम्ही फोनवर म्हणालात, क्रेन लावा, माणसं लावा, खर्चाचं बघतो मी. रायोंगात बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? ही कमान बघितलीत ना येताना, दोन नाग तोंड वासून बसलेत, त्यातून तुमची गाडी कशीबशी आली, क्रेन कुठून येणार? मग म्हणालात, मोठा टेकू लावा, डबल लावा, सिमेंट ओता. ते ऐकलं आणि मी फोन बायकोकडे दिला, नाहीतर तोंडून काहीबाही गेलं असतं. आता तोंडावर सांगतो, ऐकून घ्या. ही फांदी वाऱ्यानं नाही मोडली. टेकूनं मोडली. तुमच्या टेकूनं.

कसं म्हणता? ते बाकीचे टेकू बघा, झाडाभोवती रचलेले. नव्या वर्षाला अख्खं गाव ढोल वाजवत घेऊन येतं ते. जांभळाचं, सागाचं, मिळेल त्या लाकडाचं बेचकं, हळदीनं पिवळं केलेलं, वर चांदीच्या कागदाचे झेंडे. धर्माला टेकू, घराला टेकू, म्हाताऱ्यांच्या आयुष्याला टेकू. खरं वजन एकही पेलत नाही त्यातला — मनगटाएवढी लाकडं ती, फांदीला नुसती टेकवलेली. वारा आला की फांदी हलते, तीही हलतात, एखादं पडतं, कुणीतरी उचलून परत लावतं. झाडाला कसलाच त्रास नाही. आणि तुम्ही काय केलंत? आईच्या छातीत पाणी झालं, डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा कारखान्यातून लोखंडाचा खांब करून आणलात, तळाला सिमेंट, वर बेचकं, आणि बेचक्यावरून पट्टी आणून नटबोल्टनं आवळलीत. का, तर माझ्या आईचा टेकू पडता कामा नये! आख्ख्या तालुक्यात असा टेकू नाही म्हणून माइकवर सांगितलंत — मी होतो ना मागे उभा. मी तेव्हाच भन्तेंना म्हणालो, आवळू नका, झाडाला डोलू द्या. पण नव्यानं आलेल्या घरजावयाचं कोण ऐकतो? फांदी अलीकडे जखडली, पलीकडे मोकळी. प्रत्येक वादळात पलीकडची बाजू झोडपली जायची आणि सगळा पीळ त्या पट्टीपाशी यायचा. तार एकाच जागी वाकवत राहा, काय होतं? तेच झालं. रोगापेक्षा इलाज भारी. वर पिंपळाची जात ही — त्यानं तुमचं लोखंड गिळायला घेतलं, सालीचे ओठ करून दोन्ही बाजूंनी. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, वा, काय घट्ट धरलंय!

आणि गंमत सांगू, गंमत कसली म्हणा — ज्या पट्टीनं फांदी चिरली, तीच पट्टी आता दोन्ही फाळक्या धरून उभी आहे. चांतिपनं करवत चालवली की फांदी पिळणार, पट्टीत अडकणार, आणि खांबासकट उलटणार. खांब तर आत्ताच कललाय. बघा ना, ती सिमेंटची भेग, आजीच्या — तुमच्या आईला आम्ही सगळे आजीच म्हणतो — उजव्या पायापासून निघालीय. म्हणून आधी पट्टी सोडायची, भार माझ्या दोरावर घ्यायचा, मग वरून एकेक तुकडा कापून खाली. अर्ध्या तासाचं काम. पुढचं मी बघतो — झाड मरणार नाही, एवढा शब्द देतो. कापलेल्या जागी डांबर नको, सिमेंट तर मुळीच नको. फांदी बुंध्याला मिळते त्या गळ्यापाशी नीट काप दिला की पिंपळ आपलं आपण मिटवून घेतो. अडलंय ते फक्त त्या चार नटांवर. आणि आजीवर.

मीच सोडायचे होते नट? अहो... इथं जन्माला आलात आणि हे विचारता? दुसऱ्याचा टेकू कोण काढतं? ज्यानं लावला त्याच्याच हातानं निघाला पाहिजे. माझा काही असल्या गोष्टींवर विश्वास नाही बरं का, मी झाडांचा वैद्य माणूस. चीवर उतरवून संसारात पडलो तेव्हाच निम्म्या गोष्टी विहारात ठेवून आलो. पण आमच्या लाम्फूनकडच्या गावात एकानं चुलीसाठी कोरडं लाकूड म्हणून शेजाऱ्याचा टेकू ओढून नेला होता. टेकूवाला धडधाकट गडी, भात लावत होता, त्याच आठवड्यात चिखलात आडवा पडला. योगायोग असेल. असेलच. पण त्यानंतर त्या लाकूड नेणाऱ्याच्या घरी कुणी पाणी प्यायलं नाही. भन्तेही म्हणाले, नान मून, फांदी विहाराची आहे, टेकू प्रासोंगचा आहे, त्याला बोलाव. मी नटांवर रॉकेल तेवढं ओतून ठेवलंय. ओतणं म्हणजे हात लावणं नव्हे, काय?

तिला उचललं होतं हो! आम्ही काय हातावर हात धरून बसलो होतो? काल चौघांनी उचलून भाचीच्या घरी नेऊन ठेवली. भाचीनं भात खाऊ घातला, पाय चेपले. उजाडतंय तोवर ही परत इथं, खराट्यानं गारांनी पडलेला पाला झाडतेय. कोंडून घालायचं का तुमच्या आईला? म्हणाली, मी उठले आणि तुम्ही माझ्या पोराचा टेकू काढलात, तर मी इथंच जीव सोडेन. पालथ्या घड्यावर पाणी. तिच्या डोक्यात पक्कं आहे, हा खांब उभा आहे तोवर ती, बुआचुम, उभी आहे. छातीतलं पाणी औषधानं आटलं की लोखंडानं, तिला कोण सांगणार!

वर बघू नका सारखं, मान आखडेल. आभाळ बघताय? हो, दोईच्या, त्या डोंगराच्या अंगानं काळवंडलंय. मघाशी कुत्री होती ना इथं, तीन-चार, पायरीवर पसरलेली — गेली. मुंग्या सकाळीच अंडी घेऊन खांबावरून उतरल्या, आजीच्या पंच्यावरून चालत गेल्या, तिनं झटकल्यासुद्धा नाहीत. वारा येऊ द्या, वाऱ्याची मला भीती नाही. लोकांना वाटतं फांदी वाऱ्यात पडते. वाऱ्यात फांदी झुंजत असते. वारा पडला, सगळं शांत झालं, लोक बाहेर आले, की मग पडते. नदीपलीकडच्या बाजारात असंच झालं, पर्जन्यवृक्षाखाली नूडल्सची गाडी होती एका बाईची. वादळभर बिचारी दुकानाच्या आडोशाला उभी राहिली. वादळ थांबलं, ऊन पडलं, ती भांडी पुसायला आली. मी समोर चहा पीत होतो. आधी एक आवाज येतो — मोठा नाही हं, ऊस दातानं सोलावा तसा. चर्र, चर्र. मी कप टाकून ओरडलो, तर ती हसून माझ्याकडे बघायला लागली, वाटलं गिऱ्हाईक आहे. मोठा चमचा होता हातात. तो तेवढा वाकला नव्हता.

असो. मी हे कशाला सांगत बसलो! सांगायचं एवढंच की पाना तिथं शिडीच्या पहिल्या पायरीवर ठेवलाय. जा, आईला उठवा, चार नट सोडा.

का? काय झालं? ...माणूस आणतो म्हणता. मेकॅनिक. शहरातून. यायला संध्याकाळ होईल, ते आभाळ थांबेल का तोवर? आणि तो नट सोडेल आणि टेकू काढण्याचं पाप त्याच्या डोक्यावर, असंच ना? का भीती वाटतेय? वाटली तर तसं बोला, मला चालेल, मलाही वाटते. पण तुमच्या तोंडाकडे बघून वाटतंय की भीती फांदीची नाही. तुम्हालाही तेच वाटतंय, आईसारखंच! टेकू काढला आणि आईला काही झालं तर... अहो, शिकले-सवरलेले तुम्ही... बरं. बरं, बोलत नाही.

नाही, बोलतोच. तिनं शपथ घातलीय, सांगू नकोस म्हणून, पण आता कसली शपथ. ती काय आयुष्य टिकावं म्हणून बसलीय तिथं? अहो, तिला सगळं माहीत आहे! फांदी चिरली ते सगळ्यात आधी तिनं ऐकलं, आमच्याआधी. मी तिला हात जोडून म्हणालो, आजी, हे येणार खाली, आज नाहीतर उद्या. तर म्हणाली, येऊ दे रे, टेकू पडला की तरी येईल तो. टेकूला बघायला येईल. समजलं? तुम्हाला फोन करू नको म्हणाली होती — कामात असतो म्हणे, उगाच धावपळ होईल. लाकडाचा टेकू वर्षात कुजतो, म्हणून दर वर्षी नवा घेऊन यावं लागतं, पोरं येतात, गर्दीत का होईना दिसतात. लोखंडाचा एकदा लावला, संपलं. हे माझं नाही, तिचंच बोलणं. मागच्या वर्षी नव्या वर्षाला सगळ्यांची पोरंबाळं ढोल वाजवत आली, आणि ही तुमच्या खांबाला सुगंधी पाणी घालत होती. हातानं पुसत होती. बेडक्या म्हणते त्याला. 'बेडक्या, जेवलास का.' 'बेडक्या, आज मिरचीचा ठेचा केलाय, तुला तिखट लागेल.' तुमचंच नाव ना ते, लहानपणचं? भाताचा पहिला घास रोज खांबाखालच्या त्या सिमेंटच्या कट्ट्यावर ठेवते आणि कावळे खातात. मला वाटायचं म्हातारी भ्रमिष्ट झाली. नाही झालेली. चांगली शहाणी आहे. ...रडू नका हो. म्हणजे रडा, पण नंतर. मला सांगायचंच नव्हतं, ह्या मियांगनं जीभ सैल होते.

दोर? काय झालं दोराला? ...नाही, बुंध्यापाशी जरा पिंजलाय, तो जुनाच आहे तसा. हो, मघाशी उत्तम म्हणालो. रेडे टांगलेले नाहीत कधी. आणि हा डावा खांदा दोन पावसाळ्यांपूर्वी निखळला होता, तेव्हापासून भरवशाचा राहिला नाही — हे वर ऐकू जाऊ देऊ नका. सकाळपासून धरलाय. बोटं कुठं संपतात आणि दोर कुठं सुरू होतो ते कळत नाही आता. बोलत राहिलो की विसरायला होतं, म्हणून बोलतोय. मला बडबड्या समजला असाल.

हाक मारा तिला. मी म्हणतो, हाक मारा. आधी ती इकडे आली तर निम्मं काम झालं. तशी नाही, घसा खाकरून. ऑफिसात शिपायाला हाक मारताय का? मोठ्यानं. ...हां! ऐकलं तिनं! पंचा काढला बघ डोक्यावरचा. हसतेय रे... किती दिवसांनी हसतेय. ए आजी! ये, इकडे ये, आलाय तुझा बेडक्या, गाडी घेऊन आलाय! ऊठ! ऊठ की, पाय आखडले असतील तर रांगत ये, कुणी नावं ठेवणार नाही...

उठत नाहीये. बघितलंस का काय करतेय? शेजारची जागा झाडतेय, हातानं. टोपलीचं झाकण काढलं. तुला बोलावतेय. तिकडे. जेवायला.

आता माझ्याकडे काय बघतोस? मी काय करू? तू इथं उभा राहिलास तर ती तिथं बसणार, एवढं साधं आहे. बूट काढ, घसरतील. आधी शिडी नको, नट नको, ते मरू दे — आधी तिचा हात धर. घास पुढे करेल, तो खा. उभ्या उभ्या खा, पण खा, नाही म्हणू नकोस, नाहीतर ती हलायची नाही. मग उचल आणि आण रेघेबाहेर, लहान पोराला आणतात तशी. पळू नकोस, जमीन हादरेल. — चांतिप, गप्प बस वर, एक शब्द बोलू नकोस! — थांब. एक मिनिट. वारा पडला का? पडला. पिंपळाचं पान हलत नाहीये. पिंपळाचं पान कधी न हलता बघितलंयस? मी नाही. ऐकू येतंय तुला? नाही, दोर नाही तो. दोर असा वाजत नाही.

जा. मागे बघू नकोस, चालत राहा. मी आता बोलत नाही.